वेगाचा लगाम : शर्यतीचे ब्रेकपॅड आणि घरची मोटार

मोटार घेतेवेळीं तिचें इंजिन किती शक्तीचें आहे, ती ताशीं किती किलोमीटर धांवते आणि पेट्रोल किती खाते, हे तीन प्रश्न आपल्याकडे घरांतील लहानथोर सर्वजण विचारतात. ती थांबते कशी, हा चौथा प्रश्न मात्र बहुधा कोणाच्याहि तोंडीं येत नाहीं. आमच्या घरींहि तो कधीं निघाला नव्हता. आणि निघाला तो अशा प्रसंगानें निघाला कीं, त्याची आठवण झाली म्हणजे अजून छातींत धडधडतें. तो प्रसंग येथें सांगण्याचें कारण एवढेंच कीं, ज्या चुकीमुळें तो ओढवला ती चूक अज्ञानाची नसून अर्धवट ज्ञानाची होती. आणि अर्धवट ज्ञान हें आपल्यासारख्या सुशिक्षित कुटुंबांतूनच अधिक आढळतें.

आमचें एकत्र कुटुंब मुळशी तालुक्यांतील बावधन येथें राहतें. पुण्याच्या पश्चिमेस, टेकड्यांच्या कुशींत, रामनदीच्या कांठीं वसलेलें हें गांव एके काळीं शेताभाताचें होतें. आतां त्याच्या अंगावरून मुंबई-बंगळूर महामार्ग अहोरात्र वाहत असतो. जवळच्या चांदणी चौकांतील जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ च्या मध्यरात्रीं सुरुंगानें पाडण्यांत आला, आणि तेथील नवे उड्डाणमार्ग १२ ऑगस्ट २०२३ रोजीं खुले झाले. गांवाच्या दुसऱ्या अंगास भूगांव, पिरंगुट, पौड अशी ताम्हिणी घाटाकडे, म्हणजे कोंकणांत उतरणारी वाट आहे. वेगाची हौस असणाऱ्या तरुणाला एका बाजूस महामार्ग आणि दुसऱ्या बाजूस घाट, असें हें ठिकाण आहे.

आमच्या वडील बंधूंचा धाकटा मुलगा अभियंता आहे. त्यानें तीन वर्षांपूर्वीं दोन दारांची, दोन आसनांची, जमिनीलगत बसणारी एक वापरलेली स्पोर्ट्स मोटार घेतली. आमच्या आईनें, म्हणजे त्याच्या आजीनें, तिला ओंवाळलें खरें, परंतु "अरे, हींत माणसें बसवायचीं तरी कोठें?" असा प्रश्न विचारल्यावांचून तिला राहवलें नाहीं. मुलगा उडाणटप्पू नव्हे. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणें हा गुन्हा आहे, हें तो जाणतो. म्हणून वेगाची हौस तो कोइमतूरजवळील करी मोटर स्पीडवे या खास शर्यतीच्या ट्रॅकवर जाऊन भागवितो. हा नाद केवळ उनाडांचा आहे असें कोणीं समजूं नये. पुण्याच्याच डायना पंडोले यांनीं २०२४ सालीं राष्ट्रीय मोटारशर्यतींतील सलून गटाचें अजिंक्यपद मिळविलें, हें वर्तमानपत्रें वाचणाऱ्यांस ठाऊक असेलच.

गेल्या थंडींत कोइमतूरला जाण्यापूर्वीं त्यानें गाडीचे नेहमींचे ब्रेकपॅड काढून शर्यतीचे पॅड बसविले. ट्रॅकवर गाडी उत्तम थांबली. परत आल्यावर त्याला कामाचा व्याप होता. पॅड पुन्हां बदलण्याचें राहून गेलें. "शर्यतींत जें टिकलें तें पौड रस्त्यावर का टिकणार नाहीं?" असाहि विचार मनांत होताच. दोन दिवसांनीं पहाटे मला स्टेशनवर जावयाचें होतें. घरची मोठी मोटार दुरुस्तीस गेलेली असल्यामुळें मी त्याच्या शेजारीं त्या ठेंगण्या गाडींत बसलों. हवेंत चांगलाच गारठा होता. चांदणी चौक ओलांडून कोथरूडच्या बाजूस उतार लागला. आणि दुधाच्या दोन किटल्या अडकविलेली एक सायकल डावीकडून रस्त्यावर आली. पुतण्यानें ब्रेक दाबला. चाकांतून कर्कश आवाज निघाला. गाडी मंदावली, पण थांबेना. त्यानें सर्व जोर पायांत आणला. सायकलवाल्यानें प्रसंग ओळखून बाजूस उडी घेतली, आणि आमच्या गाडीचें नाक सायकलीच्या मागल्या चाकाला लागून गाडी उभी राहिली. माणसाला ओरखडाहि उमटला नाहीं, ही ईश्वराची कृपा. दूध मात्र उतारावरून वाहत गेलें.

पुतण्यानें खालीं उतरून त्या गृहस्थांची क्षमा मागितली, नुकसान भरून दिलें, आणि त्यांना घरीं पोंचविलें. माझी गाडी अर्थातच चुकली. घरीं परतल्यावर आईनें सर्व हकीकत ऐकून घेतली आणि ती एवढेंच म्हणाली, "जिला थांबतां येत नाहीं तिला पळवायची कशाला, बाबा?" त्यानें मान खालीं घातली. "काका, ब्रेक बिघडले नव्हते," तो मला मागाहून म्हणाला, "ते थंड होते." या वाक्याचा अर्थ समजून घेण्यांतच पुढचा रविवार गेला, आणि तो अर्थ वाचकांसहि उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून हा लेख लिहिला आहे.

ब्रेक गाडीचा वेग नाहींसा करतो असें आपण म्हणतों. वास्तविक तो वेगाची उष्णता करतो. बाराशे किलो वजनाची मोटार ताशीं १०० किलोमीटर वेगानें जात असतां एकदां थांबविली, तर जी उष्णता निर्माण होते तिनें दीड लिटर साधें पाणी उकळीस येईल. वेग दुप्पट झाला तर उष्णता दुप्पट न होतां चौपट होते. म्हणजे ताशीं २०० किलोमीटरवरून थांबण्यास सहा लिटर पाण्याची उकळी! शर्यतीच्या ट्रॅकवर प्रत्येक वळणापूर्वीं असा जोराचा ब्रेक लागतो, आणि मधल्या कांहीं सेकंदांत तापलेलें लोखंड निवण्यास पुरेशी उसंत मिळत नाहीं. घाटांतील उतारावर वेग फार नसला तरी गोष्ट तीच. पांचशे मीटर उंचीवरून तीच मोटार केवळ ब्रेकच्या आधारानें खालीं आणली, तर एकोणीस लिटर पाणी उकळण्याइतकी उष्णता, म्हणजे आपल्या न्हाणीघरांतील एका बंबाची आंच, त्या चार चाकांत कोंडली जाते.

ही उष्णता सोसणारा पदार्थ शोधण्याचा इतिहास मोठा मनोरंजक आहे, आणि त्याचा आरंभ एका गृहिणीपासून होतो. १८८८ च्या ऑगस्टांत बर्था बेंझ ही बाई आपल्या दोन मुलांस घेऊन, पतीनें बनविलेल्या मोटारींतून जर्मनींतील मानहाइमहून फोर्ट्सहाइम येथें आपल्या माहेरीं गेली. वाट शंभराहून अधिक किलोमीटरांची होती. उतारांवर लांकडी ब्रेक झिजूं लागले, तेव्हां तिनें वाटेंतील एका चांभाराकडून त्यांवर कातडें ठोकून घेतलें. मोटारीच्या ब्रेकला अस्तर लावण्याचा तो पहिला प्रयोग मानतात. पुढें इंग्लंडांत हर्बर्ट फ्रूड यानें, गाडीवान लोक उतारावर ब्रेकच्या ठोकळ्याला जुन्या बुटांचे तळवे ठोकतात हें पाहिलें, आणि १८९७ च्या सुमारास त्याहून टिकाऊ अस्तर बनविण्याचा उद्योग आरंभिला. फेरोडो हें नांव त्याच्याच आडनांवावरून झालेलें आहे. १९०२ सालीं फ्रेडरिक लँचेस्टर यानें डिस्क ब्रेकचें पेटंट घेतलें. त्याच्या अंगचें खरें सामर्थ्य जगास दिसलें तें मात्र १९५३ सालीं. फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतींत डिस्क ब्रेक लावलेली जग्वार मोटार ताशीं सुमारे १७० किलोमीटरच्या सरासरीनें पहिली आली. बंद ढोलांत उष्णता कोंडून राहते, उघड्या चकतीला वारा लागतो, एवढ्याशा फरकाचा तो विजय होता.

आज बहुतेक मोटारींच्या पुढील चाकांत, आणि स्पोर्ट्स मोटारींच्या चारी चाकांत, ही चकती असते. चकती बहुधा बिडाची असते. तिला दोन्ही बाजूंनीं कवटाळून कॅलिपर बसलेला असतो. त्यांतील पिस्टन तेलाच्या दाबानें पॅडला चकतीवर दाबतो. हा पॅड म्हणजे पोलादी पाटीवर चिकटविलेला एका मिश्रणाचा थर. त्यांत तंतू, धातूंची पूड, ग्राफाइट, घर्षण वाढविणारीं द्रव्यें आणि या सर्वांस बांधून ठेवणारी राळ असते. पूर्वीं त्यांत ॲस्बेस्टॉसहि घालीत; त्याची धूळ फुप्फुसांस घातक ठरल्यामुळें पुष्कळ देशांनीं त्याचा त्याग केला.

नेहमींच्या पॅडचें मिश्रण असें केलेलें असतें कीं, डिसेंबरच्या पहाटेसहि पहिल्याच दाबाला त्यानें चकती धरावी, आवाज करूं नये, धूळ थोडी उडवावी आणि चकतीस खाऊं नये. त्याची मर्यादा एवढीच कीं, उष्णता साधारण ३५०-४०० अंशांपलीकडे गेली म्हणजे त्यांतील राळ विघटन पावूं लागते आणि पकड सुटते. शर्यतीचा पॅड सहाशे-सातशे अंशांवरहि धरून राहतो. तथापि त्यासाठीं त्याला आधीं तापावें लागतें. थंड असतां त्यांतील पुष्कळांची पकड कच्ची असते, शिवाय ते किंचाळतात आणि चकती लवकर झिजवितात. घांवन घालणाऱ्या गृहिणीस हें तत्त्व सांगावयास नको. तवा तापल्याखेरीज पहिलें घांवन नीट उतरत नाहीं. पण रस्त्यावर पहिलेंच घांवन माणसाच्या जिवाचें असूं शकतें. ताशीं ५० किलोमीटर वेगानें जाणारी मोटार सेकंदाला सुमारे १४ मीटर अंतर तोडते. चांगल्या पकडीनें ती ब्रेक लागल्यापासून साडेबारा मीटरांत उभी राहते. पायाचा दाब तोच असून पकड निम्मी झाली, तर तिला पंचवीस मीटर लागतात. आमची सायकल या दोन आंकड्यांच्या मध्यें कोठें तरी उभी होती.

पुढच्या रविवारीं पुतण्यानें अंगणांत पॅड बदलले आणि मी खुर्ची टाकून तें काम पाहिलें. गाडी सपाट फरशीवर उभी करून त्यानें मागल्या चाकांना दगड लावले. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतांनाच थोडे सैल केले. मग जॅकनें ती उचलून खालीं लोखंडी स्टँड लावले. "नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखालीं हातसुद्धां घालूं नये," तो म्हणाला. चाक निघाल्यावर त्यानें कॅलिपरचा बोल्ट काढला आणि कॅलिपर तारेनें वर टांगून ठेविला. तो रबरी नळीवर लोंबकळला तर नळीस आंतून इजा होते, आणि ती इजा बाहेरून दिसत नाहीं. जुने पॅड काढून त्यांची जाडी पाहिली. चकतीची जाडी मोजली; ती किती झिजेपर्यंत चालेल हा आंकडा चकतीवरच कोरलेला असतो. नवा पॅड जाड असल्यामुळें पिस्टन हळूहळू आंत दाबावा लागतो. त्या वेळीं ब्रेकचें तेल उलट चढून वरच्या डबींतून ओसंडूं शकतें, आणि गाडीच्या रंगावर सांडल्यास रंग खातें. म्हणून एक डोळा तिकडे ठेवावा. कांहीं गाड्यांच्या मागल्या चाकांतील पिस्टन नुसता दाबून न जातां फिरवावा लागतो, तर विजेवर चालणारा हँडब्रेक असल्यास तो आधीं दुरुस्तीच्या स्थितींत न्यावा लागतो. ज्या खिळांवर कॅलिपर सरकतो त्यांना उष्णता सोसणारें ग्रीस थोडेंसें लाविलें. पॅडच्या तोंडाला किंवा चकतीला त्याचा थेंबहि लागूं दिला नाहीं. धूळ फुंकरीनें न उडवितां ओल्या फडक्यानें टिपली. एका बाजूचे पॅड बदलले कीं दुसऱ्या बाजूचेहि बदलावेत, नाहीं तर ब्रेक लागतांच गाडी एकीकडे ओढली जाते. शेवटीं बोल्ट ठराविक जोराचा पाना लावून आवळले.

यानंतरची गोष्ट अत्यंत महत्त्वाची, आणि विसरण्यास अत्यंत सोपी. मागें ढकललेला पिस्टन पॅडपासून दूर असतो. म्हणून गाडी सुरू करण्यापूर्वीं ब्रेकचा पाय पुनःपुन्हां दाबून तो कठीण लागेपर्यंत थांबावें. हें न करतां गाडी हलविली, तर पहिला पाय सरळ तळाशीं जातो आणि अंगणाची भिंतच ब्रेकचें काम करते!

एवढ्यानें काम संपत नाहीं. बिडाचा नवा तवा तेल लावून, तापवून मुरविल्याशिवाय आपण त्यावर कांहीं करीत नाहीं. चकती आणि पॅड यांचेंहि तसेंच आहे. रहदारी नसलेल्या रस्त्यावर, मागें कोणी नाहीं हें पाहून, मध्यम वेगावरून आठ-दहा वेळां गाडी मंद करावी, पण पूर्ण थांबवूं नये. नंतर ब्रेक न वापरतां थोडें अंतर जाऊन तिला निवूं द्यावें. यानें पॅडचा एक पातळ थर चकतीवर सारखा पसरतो. तापलेल्या स्थितींत गाडी उभी करून पाय दाबून ठेविला, तर एकाच जागीं तो थर डकतो आणि पुढें ब्रेक लावतांना पाय थरथरतो. पॅडची जात बदलली कीं हें सर्व पुन्हां करावें लागतें. कारण चकतीवर आधींच्या पॅडचा थर बसलेला असतो.

पॅड कितीहि उत्तम असले तरी तेल जुनें असेल तर सर्व व्यर्थ. आपल्याकडे ज्याला ब्रेक ऑइल म्हणतात त्यांतील डॉट ४ या जातीचें ताजें तेल किमान २३० अंशांपर्यंत उकळूं नये असा दंडक आहे. परंतु तें हवेंतील ओलावा शोषून घेतें, आणि ठराविक पाणी मुरल्यावर हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. तेल उकळलें कीं नळींत वाफेचे बुडबुडे होतात. तेल दबत नाहीं, वाफ दबते. त्यामुळें पायाचा सर्व जोर बुडबुडे दाबण्यांत खर्च होतो आणि चाकापर्यंत कांहींच पोंचत नाहीं. पुण्याच्या पावसाळ्यांतून आणि कोंकणच्या दमट हवेंतून हिंडणाऱ्या गाडीचें तेल दोन वर्षांनीं तरी बदलावें, तें याचसाठीं.

आमच्याकडे स्पोर्ट्स मोटार नाहीं, मग आम्हांस हें कशाला, असें कोणी म्हणेल. पण बावधनपासून फार दूर नसलेला कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार आठवावा. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्रीं तेथें एका बेकाबू अवजड वाहनामुळें पुष्कळ गाड्यांचें नुकसान झालें. लांबच्या उतारावर जो चालक गिअर सोडून गाडी मोकळी धांवूं देतो, तो इंजिनाचा फुकट मिळणारा आवर स्वतःच्या हातानें टाकून देतो. आणि अवजड वाहनाचें इंजिनच बंद केलें, तर ब्रेकला लागणारी हवा भरणारें यंत्रहि बंद पडतें. घाट ज्या गिअरमध्यें चढतों त्याच गिअरमध्यें उतरावा, हा जुन्या चालकांचा नियम आजहि खरा आहे. आपल्या पूर्वजांनीं बोरघाटांतून रेल्वे नेली, ती १८६३ सालीं सुरू झाली. ३७ फुटांस एक फूट अशा त्या उतारावर ब्रेक निकामी झालेली गाडी थांबावी म्हणून चढावर जाणारे वेगळे फांटे ठेवण्यांत आले. वेग देणाऱ्यानें आवराचीहि तजवीज आधीं करावी, हें शहाणपण तेव्हांपासूनचें आहे.

पुणें हें तर या विद्येचें माहेरच म्हणावयास हवें. वाहनांची कसोटी घेणारी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही १९६६ सालीं स्थापन झालेली संस्था येथील वेताळ टेकडीवर आहे, आणि शर्यतीच्या ब्रेकबद्दल जगभर नांवाजलेल्या ब्रेम्बो या इटालियन कंपनीचा कारखाना जवळच चाकण येथें आहे. कारखानदार पॅड कोणत्या कामाचा हें सांगून विकतो. पण खोक्यावरचा मजकूर वाचण्याचें काम घेणाऱ्याचेंच असतें. आणखी एक व्यवहाराची गोष्ट. मोटारीच्या नेहमींच्या विम्यांत शर्यतीचा आणि वेगचांचणीचा वापर वगळलेला असतो. ट्रॅकवर जाणाऱ्या मुलाच्या वडिलांनीं पॉलिसीचा तो परिच्छेद एकदां तरी वाचावा.

आमच्या घरीं त्या रविवारपासून एक नियम झाला आहे. शर्यतीचे पॅड पेटींतून कोइमतूरला जातात, ट्रॅकवर चढतात आणि ट्रॅकवरच उतरतात. घराकडे गाडी निघते ती नेहमींच्या पॅडवर, आणि निघण्यापूर्वीं ते मुरवून. काम दोन तासांचें आहे. ज्याला त्या दोन तासांचा कंटाळा येतो त्यानें वेगाची हौस करूं नये, असें आतां पुतण्या स्वतःच आपल्या मित्रांना सांगतो. ज्या गृहस्थांची सायकल त्या पहाटे आमच्या गाडीपुढें आली, ते हल्लीं आमच्याकडेहि दूध घालतात. पहाटे फाटकाशीं त्यांची घंटा वाजली कीं पुतण्या उठून स्वतः दूध घ्यावयास जातो. इतरांस तो जाऊं देत नाहीं.

वाचकांस एवढीच विनंति आहे. आपल्या मुलाबाळांना, सुनांना आणि नातवंडांना मोटार चालविण्यास शिकवितांना तिचा वेग दाखविण्यापूर्वीं तिचा ब्रेक दाखवावा; तो कोणत्या हवेंत, कोणत्या उतारावर आणि कोणत्या कामासाठीं बनविला आहे हें विचारण्याची संवय लावावी. वस्तु महाग आहे म्हणून ती सर्वत्र चांगली, ही समजूत पुष्कळ ठिकाणीं केवळ पैशाचें नुकसान करते. रस्त्यावर मात्र तिची किंमत बहुधा दुसऱ्याच कोणाला द्यावी लागते.